एचआयव्ही असलेल्या भावाच्या जिभेवर पांढरा थर आलाय, प्रतिकारशक्ती ढासळली असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की भावाला चार वर्षांपासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या चालू आहेत, महिनाभर जिभेवर पांढरं दिसतंय, तिखट झोंबतं, आणि घरचे म्हणतात, "पोट साफ नाही, म्हणून तोंड आलंय." मी दंतवैद्य आहे. फोटो न बघता निदान सांगणार नाही, पण कुठे बघायचं ते सांगतो.

नुसत्या जिभेवरच्या थराला घाबरू नका, तो सकाळी माझ्याही जिभेवर असतो. भावाला चूळ भरायला सांगा, टॉर्च घ्या आणि टाळू न् गालांची आतली बाजू बघा. तिथे दह्याच्या कणांसारखे ठिपके असतील, ओल्या स्वच्छ कापडाने हलकेच पुसल्यावर निघत असतील आणि खाली लालभडक, क्वचित रक्ताळलेली जागा दिसत असेल, तर ती बहुधा कॅन्डिडा नावाची बुरशी. तिचा एक प्रकार पांढरा नसतोच. टाळू नुसती लाल होते किंवा जिभेचा एखादा भाग गुळगुळीत होतो, आणि तो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. ओठांचे कोपरे चिरतात तेव्हा लोक महिनोन्महिने बी कॉम्प्लेक्स खात बसतात; तिथेही कधीकधी हीच बुरशी असते.

पुसून न निघणारं पांढरं वेगळं. जिभेच्या कडांवर उभ्या घड्या पडल्यासारखं, न दुखणारं असेल तर त्याला हेअरी ल्युकोप्लेकिया म्हणतात. एपस्टाइन-बार विषाणूमुळे होतो. 1984 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या रुग्णांत त्याचं पहिलं वर्णन झालं. आपल्याकडे एक भानगड असते: मावा, गुटखा, मिश्री. तंबाखूचा पांढरा चट्टाही पुसून निघत नाही, पण तो बहुतेकदा जिथे तंबाखूची गोळी धरतात त्या गालात असतो. भाऊ तंबाखू खात असेल तर लपवू नका. गरज वाटली तर तुकडा काढून तपासावा लागतो.

हिरड्यांची टोकं झडल्यासारखी दिसत असतील, घाण वास आणि ठणका असेल, तर वाट बघू नका. गिळताना छातीत दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते.

आता तुमचा मूळ प्रश्न. सीडी4 म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या रक्तातल्या पेशी; निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण 500 ते 1500 असतात. त्या घटत गेल्या, विशेषतः 200 च्या खाली, की तोंडातली बुरशी जास्त दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या एचआयव्ही आजाराच्या वर्गवारीत चिरलेले कोपरे आणि वारंवार येणारे फोड दुसऱ्या टप्प्यात, तर न हटणारी बुरशी आणि हेअरी ल्युकोप्लेकिया तिसऱ्या टप्प्यात धरतात. पण हीच बुरशी मधुमेहात, दम्याच्या स्टेरॉइड पंपानंतर, अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर, रात्री कवळी न काढणाऱ्यांतही होते. म्हणून साखरही तपासा.

आणि गोळ्यांचं विचारा, पण रागावून नाही. माझ्याकडे एक ऊसतोड मजूर आले होते, टाळू पांढरीफटक. हंगामाला बीडहून साताऱ्याकडे आले, गावची गोळ्यांची बाटली संपली, टोळीत कुणाला कळू नये म्हणून नव्या जागी केंद्रात गेलेच नाहीत. तीन महिने खाडा. घरी जाईचा पाला चघळत होते, वर बोरोग्लिसरीन. मी लावायचं औषध दिलं असतं तर तोंड साफही झालं असतं, पण मूळ दुखणं तसंच राहिलं असतं. म्हणून चिठ्ठी देऊन आधी एआरटी केंद्रात पाठवलं.

तुम्हीही तेच करा: केंद्रात सीडी4 आणि व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते) तपासून घ्या. गोळ्या नियमित असूनही विषाणू वाढलेला असेल तर औषध बदलायचं का ते डॉक्टर ठरवतील. बुरशीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका, इतर औषधांशी त्यांचं जमतंच असं नाही. माहिती हवी असेल तर 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत. एखाद्या दवाखान्याने एचआयव्ही ऐकून दात बघायला नकार दिला तर एचआयव्ही असलेल्यांशी भेदभाव करायला मनाई करणारा 2017 चा कायदा भावाच्या बाजूने आहे. आणि हो, त्याचं ताट वेगळं केलं असेल तर परत एकत्र करा, थुंकीने एचआयव्ही पसरत नाही.

केंद्रात जाताना गोळ्यांची बाटली बरोबर न्यायला सांगा. उरलेल्या गोळ्या तिथे मोजतात.