ऐरोली-वाशीच्या खाडीत तेलाचा तवंग आला तर जिवाणू सोडून तो साफ होईल का?

होईल, पण रात्री ओतले आणि सकाळी खाडी लख्ख, असं नाही.

तेल खाणारे जिवाणू समुद्रात आधीपासूनच असतात. त्यातला पट्टीचा खवय्या म्हणजे अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस. १९९८ मध्ये त्याचं वर्णन झालं, नाव उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटावरून. अडचण एकच: तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे जिवाणूला फक्त तवंगाचा पृष्ठभाग मिळतो. म्हणून तो स्वतःच साबणासारखा पदार्थ बनवतो, तोच बायोसर्फॅक्टंट. त्याचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. तवंग फुटून बारीक थेंब होतात आणि ताव मारायला जागा वाढते. तेलकट कढईवर भांड्यांचा साबण हेच करतो. स्युडोमोनास जिवाणूंपासून मिळणारे ऱ्हॅम्नोलिपिड हेही बायोसर्फॅक्टंटच. सहज कुजतात, पण महाग पडतात.

जिवाणूंना नायट्रोजन, फॉस्फरसही लागतो. १९८९ च्या एक्सॉन वाल्डेझ या तेलवाहू जहाजाच्या गळतीनंतर अलास्काच्या किनाऱ्यावर त्यासाठी चक्क खत फवारलं होतं. आपल्या खाडीत सांडपाणी इतकं येतं, की खताची उणीव बहुधा भासणार नाही! इथलं खरं दुखणं चिखल. कांदळवनाच्या गाळात थोडं खाली गेलं की ऑक्सिजन संपतो, जिवाणूंचं काम मंदावतं आणि तेल तिथे वर्षानुवर्षं मुरून बसतं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हाही तेल कांदळवनांपर्यंत पोचलं होतं.

त्यामुळे आधी तरंगते अडथळे लावून तेल उपसायचं, उरलेल्यावर जिवाणू. डांबरासारखा जड भाग मात्र तेही ताटात तसाच टाकतात.