शब्दांची झाडाझडती

प्रश्न : बाई, वयाच्या ५८व्या वर्षी स्कूटर शिकायचं मनावर घेतलं. शिकाऊ लायसन्सच्या संगणकावरच्या परीक्षेत १५पैकी ८ उत्तरं बरोबर आली; लागतात ९. एका प्रश्नात निळ्या गोलावर लाल फुली होती. पर्यायांत ‘वाहन उभे करण्यास मनाई’ही होतं आणि ‘वाहन थांबविण्यास मनाई’ही. मी पहिला निवडला, तो चुकला. उभी न करता गाडी थांबवता येते का हो?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मराठीत नाही येत. ‘दारात गाडी उभी आहे’ म्हटलं, तर चालवणारा आत बसलाय की चावी खिशात घालून जेवायला गेलाय, काही कळत नाही. तेव्हा तुमचं मराठी पक्कं आहे; चित्र मात्र तुम्ही घाईत पाहिलंत. निळ्या गोलात एकच तिरपी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई. दोन रेघांची फुली असेल तर क्षणभरही थांबायचं नाही, सुनेला उतरवायलासुद्धा नाही. पहिल्या पाटीसाठी ‘गाडी लावू नका’ असं छापलं असतं तर तुमचा नववा गुण हुकला नसता. आपण गाडी लावतो आणि लावली की सोडून जातो. पण सरकारी कागदाला ‘लावणे’ हलकं वाटत असावं.

माझं स्वतःचं अडलं ते वळणावर. तेव्हा परीक्षा तोंडी होती. साहेबांनी त्रिकोणातला वाकडा बाण दाखवला. मी म्हटलं, ‘उजवीकडे वळा.’ ते म्हणाले, ‘बाई, रस्ताच वळलाय. न वळून जाल कुठे?’ तेव्हापासून मी अक्षरांआधी आकार बघते. त्रिकोण नुसता सावध करतो : पुढे वळण आहे. निळा गोल हुकूम सोडतो : वळाच. लाल काठाचा गोल अडवतो : वळू नका. तुमची फुलीवाली पाटी निळीही आणि लाल काठाचीही, म्हणून घोटाळा. तिथे काठाचं ऐकायचं.

प्रश्न : ‘थांबा’ हे नाम की क्रियापद?
– इयत्ता आठवीतला वाचक, चिपळूण

उत्तर : एसटीच्या खांबावर नाम, लाल अष्टकोनावर क्रियापद. आमच्या कोपऱ्यावरच्या अष्टकोनाखाली परवा एक आजोबा पिशवी घेऊन बराच वेळ उभे होते. विचारलं तर म्हणाले, ‘स्वारगेटची अजून आली नाही.’