टेक्ससचा तो टेक्सन, मग हवाईचा तो हवाईयन का नाही?

प्रश्न : एका प्रवासलेखाच्या अनुवादात मी 'तीस वर्षं होनोलुलूत राहिलेल्या हवाईयन बाई' असं लिहिलं. बाई मूळच्या टेक्ससच्या. संपादकांनी 'हवाईयन' खोडून 'हवाईत राहणाऱ्या' केलं. हा काटेकोरपणा जरा जास्तच नाही का?

उत्तर : नाही, खोडलं ते योग्यच. 'टेक्सन' हा शब्द पत्त्यावरून ठरतो, 'हवाईयन' वंशावरून. तिथल्या मूळ पॉलिनेशियन (पॅसिफिक बेटांवरच्या) लोकांचं हे नाव आहे. स्वतःच्या भाषेत ते स्वतःला 'कानाका माओली' म्हणवतात. बाकीचे सगळे, मग ते तिथे जन्मलेले का असेनात, 'हवाईचे रहिवासी'.

बऱ्याच वर्षांच्या रहिवाशासाठी तिथे 'कामाआइना' असा सुंदर शब्द आहे. 'कामा' म्हणजे लेकरू, 'आइना' म्हणजे जमीन. हॉटेलात स्थानिक ओळखपत्र दाखवलं की मिळणाऱ्या सवलतीलाही 'कामाआइना दर' म्हणतात, आणि ती देताना वंश कोणी विचारत नाही. तुमच्या बाईंना हा शब्द बेलाशक लावा. नवख्याला 'मालिहिनी' म्हणतात.

खरी अडचण कायद्याच्या मजकुरात येते. 1921 साली अमलात आलेल्या एका अमेरिकी कायद्यानुसार मूळ हवाईयनांना वर्षाला एक डॉलर भाड्याने, 99 वर्षांच्या करारावर जमीन मिळू शकते. त्यासाठी 1778 पूर्वी, म्हणजे ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुक येण्याआधी, बेटांवर राहणाऱ्या लोकांचं किमान निम्मं रक्त अर्जदारात असावं लागतं. इतर अनेक कायद्यांना मात्र त्या वंशातला एखादा पूर्वज पुरतो. इंग्रजी कागदपत्रांत हा फरक बहुधा 'नेटिव्ह'मधलं पहिलं अक्षर लहान की मोठं एवढ्यावरच दाखवलेला असतो (लहान असेल तर निम्म्या रक्ताची अट). देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे 'मूळ हवाईयन' लिहिलं की फरक पुसला जातो. पहिल्या ठिकाणी 'किमान निम्मं मूळ हवाईयन रक्त असलेले' असं लांबलचक लिहावंच लागेल.

एक अपवाद. 1893 पर्यंत हवाईत राजेशाही होती आणि परक्यांनाही तिचं प्रजाजन होता येत असे. त्या काळच्या दस्तऐवजात 'हवाईयन प्रजाजन' दिसले तर तो माणूस युरोपीय किंवा चिनी वंशाचाही असू शकतो. तिथे वंश गृहीत धरू नका.

प्रश्न : मलेशियावरच्या लेखात 'बुमिपुतेरा' हा शब्द आला आहे. सरळ 'भूमिपुत्र' लिहू का?

उत्तर : मोह होणारच, कारण शब्द संस्कृतातूनच तिकडे गेला आहे. पण आपल्याकडे 'भूमिपुत्र' म्हटलं की नोकरीत स्थानिकांना प्राधान्य मागणारी चळवळ डोळ्यांपुढे येते. मलेशियात ती ठरीव सरकारी वर्गवारी आहे. तिच्यात मलय लोक आणि बोर्निओ बेटावरच्या साबा व सारावाक या राज्यांमधल्या मूळ जमाती येतात. तीन-चार पिढ्या तिथे राहिलेली चिनी आणि तमिळ वंशाची कुटुंबं येत नाहीत. म्हणून 'बुमिपुतेरा' तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी अर्थ द्या.

इथे तीन शब्दांची गल्लत होते. 'मलेशियन' म्हणजे देशाचा नागरिक, वंश कोणताही. 'मलय' कोण, हे राज्यघटनेच्या 160व्या कलमात सांगितलं आहे : इस्लाम मानणारा, नेहमी मलय भाषा बोलणारा, मलय रीतिरिवाज पाळणारा. (वंशाच्या व्याख्येत धर्म आणि भाषा! रक्ताचं प्रमाण मोजणाऱ्या हवाईच्या अगदी उलट.) तिसरा शब्द 'ओरांग अस्ली'. मलय द्वीपकल्पावरच्या सर्वांत जुन्या जमातींचं हे एकत्रित नाव. 'ओरांग' म्हणजे माणूस, ओरांगउटानमधला तोच, आणि 'अस्ली' म्हणजे अरबीतून आलेला आपला 'असली'. तेव्हा 'मलेशियाचे मूळनिवासी' एवढंच लिहिलं, तर वाचकाला मलय अभिप्रेत की ओरांग अस्ली, हे कळणार नाही.

प्रश्न : उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या मूळ लोकांपैकी एकासाठी 'एक इनुइट' बरोबर की 'एक इनुइट माणूस'?

उत्तर : 'इनुइट' हेच अनेकवचन आहे, अर्थ 'माणसं'. एकवचन 'इनुक'. 'इनुइट्स' तर नकोच. अलास्काच्या प्रत्येक मूळ रहिवाशाला इनुइट म्हणू नका, युपिक लोक वेगळे आहेत. 'अलास्कन' मात्र तिथे राहणारा कोणीही असू शकतो.

प्रश्न : वंश आणि रहिवास वेगळे दाखवायला मराठीत सोयीचे प्रत्यय आहेत का?

उत्तर : '-कर' आहे की! 'लंडनकर' म्हटल्यावर वंशाचा प्रश्नच उठत नाही. गंभीर मजकुरात तो थोडा खेळकर वाटतो. तिथे 'रहिवासी' किंवा 'नागरिक' वापरा. पंचाईत होते ती '-ई' आणि '-यन' यांची, कारण ते दोन्ही अर्थांनी चालतात. रशियन भाषेत वंशाने रशियन तो 'रुस्की' आणि देशाचा नागरिक तो 'रोसियानिन'. मराठीत दोघेही 'रशियन'. चेचेन माणूस रोसियानिन असतो, रुस्की नसतो; म्हणून त्याला 'रशियाचा नागरिक' लिहावं. कझाख आणि कझाखस्तानी यांचंही असंच.

जुना मजकूर असेल तर आधी साल बघा. फिजीत 'फिजियन' शब्द पूर्वी मूळ लोकांपुरता होता. 1879 ते 1916 या काळात गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) नेलेल्या भारतीयांचे वंशज 'फिजी इंडियन' म्हणवले जात. 2010 मध्ये सरकारी कागदांत मूळ लोकांसाठी 'इतौकेई' हा शब्द आला आणि 2013 च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत सगळे नागरिक 'फिजियन' झाले. म्हणजे 1995 च्या बातमीतला 'फिजियन' बहुधा इतौकेई, आणि 2015 च्या बातमीतला कोणीही.