'इव्हेन्च्युअली'ने केलेला घोटाळा

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला न्युर्नबर्गची ऑफर आहे, मुलगा तिसरीत आहे, पण जर्मन लोक स्वतःच म्हणतायत की आमच्या देशाचं काही खरं नाही, मग यावं का, आणि इंग्रजीवर भागेल का. व्हिसा, ब्लू कार्ड, पगाराची अट यावर मी काही लिहीत नाही, ते सगळं सरकारी साइटवर आहे. मी 2016 पासून याच भागात आहे आणि तुमचं ते 'तिसरीत' वाचून चहा गार झाला माझा, तेव्हा जरा लांबण लागेल.

लोक घाबरलेत हे खरं आहे. 2023 आणि 2024, सलग दोन वर्षं अर्थव्यवस्था आकसली, फोक्सवॅगनने 2030 पर्यंत 35,000 नोकऱ्या कमी करायचं युनियनशी ठरवलं, ड्रेस्डेनमध्ये भर शहरातल्या पुलाचा एक भाग सप्टेंबर 2024 मध्ये एका रात्री नदीत कोसळला, आणि रेल्वेच्या वक्तशीरपणाबद्दल तर इथले लोकच जोक करतात. पण इथली भीती आजची नाही हो. 2003 मध्ये इथली रेडिओ-टीव्हीवाली ग्रुंडिग बुडाली, 2007 मध्ये एईजीचा वॉशिंग मशीनचा कारखाना बंद झाला, 2009 मध्ये क्वेले, ती घरपोच सामान पाठवणारी अवाढव्य कंपनी, तीही गेली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी क्वेलेत होत्या. त्यांच्या तळघरात दहा दिवसांचं पाणी आणि डबाबंद खाणं कायम भरलेलं असतं, सरकारच सांगतं म्हणे तेवढं ठेवा, आणि त्यांनी स्वतःच्या अंत्यविधीचासुद्धा विमा काढलाय. मला आधी हसू यायचं. मग लक्षात आलं की या बाईला उद्याची भीती वाटते म्हणून ती उद्याची तयारी करून निवांत झोपते, आणि मी सगळं चांगलंच होणार म्हणून काहीच तयारी न करता रात्रभर जागी.

पण हे सगळं मला कळलं ते जर्मन यायला लागल्यावर. ऑफिसात इंग्रजी चालतं, अगदी आरामात चालतं, आणि तीच गोम आहे. कॉफी मशीनपाशी चारजण जर्मनमध्ये बोलत असायचे, पेन्शनचं काय होणार, मुलाला या धंद्यात पाठवायचं का, आणि मी आले की सगळे सभ्यपणे इंग्रजीकडे वळायचे, आणि विषयही वळायचा. इंग्रजीत तेच लोक 'चॅलेंज' म्हणतात, 'ट्रान्सफॉर्मेशन' म्हणतात, मीटिंगच्या स्लाइडवर असतं तसं. पाच वर्षं मला वाटत होतं की हे लोक किती पॉझिटिव्ह आहेत!

आणि एक गंमत सांगते. जर्मनमध्ये भविष्यकाळ फारसा वापरतच नाहीत, आपण जसं 'उद्या मी पुण्याला जाते' म्हणतो तसंच वर्तमानकाळात सांगतात. आणि वापरलाच तर बऱ्याचदा अंदाज म्हणून, आपलं 'तो घरी असेल' आहे ना, अगदी तसं. 'शाउएन व्हिअर माल' म्हणजे थेट आपलं 'बघू'. कुणी 'बघू' म्हणालं की काय समजायचं ते आपल्याला सांगावं लागत नाही. पण हाच माणूस इंग्रजीत 'वुई विल सी, वुई विल डू' म्हणतो आणि आपण ते वचन समजून बसतो.

आता मुलाचं. बायर्नमध्ये, म्हणजे न्युर्नबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या मे महिन्यात एक सर्टिफिकेट मिळतं, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी. इथे 1 म्हणजे सगळ्यात भारी. 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे सरळ युनिव्हर्सिटीची वाट, 2.66 पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा, त्यापुढे मिटेलशूले, म्हणजे हातच्या धंद्याकडे नेणारी. दहा वर्षांच्या पोराचं! माझा तिसरीत इथे आला, गणितात हुशार, जर्मन दोन वर्षांचं. 2.66 आले. बाई फार चांगल्या होत्या, माझ्यासाठी मुद्दाम इंग्रजीत बोलल्या, 'ही कॅन इव्हेन्च्युअली गो टू गिम्नाझिउम.' मला वाटलं, शेवटी जाईलच म्हणतायत. मी थँक्यू म्हटलं, घरी येऊन शिरा केला.

जर्मनमध्ये 'एव्हेंतुएल' म्हणजे कदाचित. त्या मला सांगत होत्या की काहीतरी करता येईल, बोलू या. जे मूल पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हतं आणि ज्याची मातृभाषा जर्मन नाही, त्याचं जर्मन सुधारण्यासारखं असेल तर 3.33 पर्यंतही गिम्नाझिउमसाठी योग्य ठरवता येतं, नियमातच आहे. मला हे कळलं तेव्हा त्याची रेआलशूलेतली पाचवी अर्धी संपली होती. सांगितलं कोणी, तर लॉन्ड्रीत भेटलेल्या एका तुर्की बाईने. शाळेतल्या बाईंना दोष देववत नाही, त्यांनी सांगितलं होतं की. मी डिक्शनरी उघडली नाही.

नवरा म्हणतो, सोड आता, रेआलशूलेनंतरही बारावी-तेरावी करून युनिव्हर्सिटीत जाता येतं, आणि जाता येतंच, पोरगा त्याच वाटेवर आहे, मजेत आहे, इथल्या फ्रँकिश बोलीत बोलतो. मी विचारलं पुढे काय करणार, तर म्हणतो, बघू. मराठीत म्हणतो.

कागदपत्रांचं एकच सांगते. राहण्याच्या परवान्याचं कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही की एक घडीचा कागद देतात, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. नावातच फिक्शन, म्हणजे तुमचा परवाना आहे असं धरून चालू. त्यावर कुठल्या कलमापुढे खूण आहे ते बघा, त्यावर ठरतं की देशाबाहेर गेलात तर परत येता येईल की नाही. मी सात महिने त्या कागदावर होते, अपॉइंटमेंटसाठी सकाळी पाच पन्नासला लॅपटॉप उघडून बसायचे, आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हिडिओ कॉलवर झालं.

एकटेपणा असतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, गणपतीला मंडळ असतं, होते सवय.

तर यावं का? या. घाबरलेल्या लोकांमध्ये राहणं वाईट नसतं, भाडं वेळेवर भरतात आणि जिने झाडतात. इंग्रजीवर तुमचं भागेल, नवऱ्याचं तर नक्की भागेल. मुलाचं भागणार नाही. तिसरीचं वर्ष कुठल्या महिन्यात संपतंय आणि तुम्ही कधी निघताय तेवढं आधी कळवा, इथली शाळा सप्टेंबरात सुरू होते, आणि शाळेतल्या पहिल्या भेटीला मी येईन सोबत.