सॉकेटच्या पत्र्याच्या बॉक्सलाही अर्थिंग दे

सॉकेटच्या वरच्या मोठ्या पिनला हिरवी वायर दिली की अर्थिंग झालं, असं समजू नकोस. सॉकेट ज्यात बसतं तो बॉक्स पत्र्याचा आहे. आत फेजची (करंट आणणारी) वायर सोलपटून टेकली तर त्यात करंट उतरेल आणि एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच, ढिम्म हलणार नाही. म्हणून मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री कर आणि अर्थच्या वायरीतून दोन तुकडे काढ: एक बॉक्सच्या स्क्रूला, दुसरा सॉकेटला. स्क्रूखालचा रंग, सिमेंट खरवडून चकचकीत पत्रा दिसू दे. बहुतेकांचं घोडं तिथंच पेंड खातं. १६ अँपियरच्या सॉकेटला अर्थची वायर फेजएवढीच जाड घे. न्यूट्रलवरून (करंट परत नेणाऱ्या वायरीवरून) अर्थ घ्यायचा जुगाड मात्र कुणी कितीही सांगो, करायचा नाही. न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या बॉडीलाच शॉक. झाल्यावर मेन चालू करून मल्टिमीटर लाव: फेज-अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम एक-दोन.