ऑर्डरी परत येतील का?

प्रिय अभ्यासकास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. कारखाना बंद पडला, इतक्या नोकऱ्या गेल्या, म्हणून प्रदेश इतका खालावला, हा हिशेब तू चोख मांडला आहेस. परंतु त्यात निर्णय घेणारा माणूस कुठेच दिसत नाही. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारा एखादा छोटा कारखानदार डोळ्यांसमोर आण. ऑर्डरी थांबल्या की कसलेले कामगार अर्ध्या पगारावर धरून ठेवायचे की लेथ विकून मोकळे व्हायचे, हे तो वर्षभराने काय होईल याच्या स्वतःच्या अंदाजावर ठरवतो, आणि ठरवताना शेजारच्या शेडकडेही पाहतो. सगळ्यांनीच लेथ विकले, तर नंतर आलेली ऑर्डर पुरी करायला कोणी उरत नाही आणि मुळात निराधार असलेली भीती खरी ठरते.

२००९ साली जर्मनीचे सकल उत्पादन पाच टक्क्यांहून अधिक घसरले, तरी बेकारी फारशी वाढली नाही. कामाचे तास कमी करून बुडालेल्या पगाराचा काही भाग बेकारी विम्यातून देण्याच्या जुन्या योजनेवर ऐन मंदीत सुमारे १५ लाख कामगार होते. मात्र केवळ योजनेला श्रेय देऊन थांबू नकोस. निर्यातीची मागणी परतेल हा मालकांचा होराही त्यामागे होता, आणि तो खरा ठरला.

याच्या शेजारी अमेरिकेतील यंग्सटाउन ठेव. तिथला मोठा पोलाद कारखाना बंद होणार, ही घोषणा १९ सप्टेंबर १९७७ रोजी झाली. कामगार आणि धर्मगुरूंनी मिळून तो विकत घेऊन चालवण्याची खटपट केली. १९७९ मध्ये केंद्र सरकारने कर्जहमी नाकारली. पोलाद परतेल हा विश्वास इथेही होता, पण ते परतले नाही. म्हणून ‘आशावादी प्रदेश सावरतात’ हे तुझे वाक्य मी खोडले आहे.

अपेक्षांमुळे भविष्य घडते या म्हणण्याला अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९१ मध्ये घातलेली अटही ध्यानात ठेव: माणसे आणि भांडवल एका व्यवसायातून दुसऱ्यात फार सावकाश सरकत असेल, तर इतिहासच वाट ठरवतो आणि अपेक्षांना फारसा वाव उरत नाही.

प्रदेश सावरला, म्हणजे लोकांना विश्वास असणार, असा उलटा तर्क करण्याचा मोह होतो (मलाही झाला होता). विश्वास निकालाआधीच मोजायला हवा. घोषणेनंतरच्या पहिल्या वर्षात किती शिकाऊ उमेदवार घेतले गेले, किती यंत्रे विक्रीला निघाली, कर्जे किती मुदतीची काढली गेली, याच्या नोंदी मिळव. पुढच्या मसुद्यात दुसरे प्रकरण तिथूनच सुरू कर.