हबर्ड मॉडेल घरच्या लॅपटॉपवर

प्रश्न : लँथॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनांचा ऊर्जा-पट्टा अर्धाच भरलेला असतो, म्हणजे तो धातू हवा. प्रत्यक्षात तो विसंवाहक का? हबर्ड मॉडेलने हे ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पाहता येईल का?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पट्टा-सिद्धान्त इलेक्ट्रॉनांमधले प्रतिकर्षण सरासरीने धरतो, आणि तिथेच फसतो. हबर्ड मॉडेल म्हणजे जाळीतल्या जागांवर उड्या मारणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे सोपे गणित, त्यात दोनच आकडे. टी म्हणजे शेजारच्या तांब्यावर उडी मारण्याची ऊर्जा, सुमारे ०.३५ ते ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. यू म्हणजे एकाच जागी दोघे आले तर पडणारी किंमत, टीच्या साधारण आठपट. इतकी किंमत परवडत नाही म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉन जागीच अडकतो. शेजाऱ्याचा स्पिन (इलेक्ट्रॉनाचा वर किंवा खाली असा चुंबकीय गुण) उलटा असेल तरच क्षणभर जाऊन परतता येते, त्यामुळे शेजारी स्पिन उलटसुलट लागतात.

लॅपटॉपवर नक्की जमेल, पण सुरुवात दोन जागांपासून करा. दोन इलेक्ट्रॉन असतील तर किमान ऊर्जा (यू − √(यू² + १६ टी²)) ÷ २. टी = १, यू = ८ ठेवून −०.४७२ यायलाच हवे. मग चार जागांचे कडे, चार इलेक्ट्रॉन, एकूण स्पिन शून्य, यू = ०. उत्तर −४. तुम्हाला −५.६६ मिळाले, तर कडे जोडणाऱ्या उडीवरचे ऋण चिन्ह घालायचे राहून गेले आहे: ती उडी मारताना इलेक्ट्रॉन त्याच स्पिनच्या दुसऱ्याला ओलांडतो. बहुतेक प्रोग्रॅम इथेच बिघडतात, आणि चुकीची ऊर्जा खऱ्यापेक्षा खाली असल्याने संशयही येत नाही.

आठ जागांना ४,९०० अवस्था (इलेक्ट्रॉनांच्या मांडण्या), पूर्ण मॅट्रिक्स १९२ एमबी. दहा जागांना ६३,५०४ अवस्था, आणि पूर्ण मॅट्रिक्स ३२ जीबी! म्हणून शून्येतर घटकच साठवा आणि लॅन्झोस पद्धत (मॅट्रिक्सने सदिशाला पुन्हा पुन्हा गुणून किमान ऊर्जा काढण्याची) वापरा. तीत फेऱ्या वाढल्या की तीच ऊर्जा पुन्हा पुन्हा दिसू लागते. ती पूर्णांकन-चुकीची भुते, खऱ्या अवस्था समजू नका. सोळा जागांचा एकच सदिश (प्रत्येक अवस्थेला एक आकडा) १.३ जीबी होतो, सममिती वापरल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

२×२ चौकटीच्या समोरासमोरच्या कडा एकमेकींना जोडू नका, प्रत्येक बंध दोनदा मोजला जाऊन टी दुप्पट होतो. ३×३ मध्ये उलटसुलट स्पिन बसतच नाहीत. (२,२) आणि (२,−२) या सदिशांची तिरकी आठ जागांची चौकट उत्तम.

प्रश्न : यातून अतिवाहकतेचे संक्रमण-तापमान काढता येईल? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही, इतक्या लहान तुकड्यात संक्रमण होतच नाही. डी-वेव्ह जोडीचा (दिशेनुसार चिन्ह बदलणारी, अतिवाहकतेतली इलेक्ट्रॉनांची जोडी) सहसंबंध मात्र मोजता येतो. त्यासाठी कर्णावरच्या शेजाऱ्याची उडीही घाला, सुमारे −०.२ टी. ती नसलेल्या मॉडेलमध्ये एक-अष्टमांश डोपिंगला (दर आठ जागांमागे एक इलेक्ट्रॉन कमी) पट्टेदार रचना (विद्युतभार आणि स्पिन ओळीओळीने लागणे) अतिवाहकतेवर मात करते, असे २०२० मधल्या मोठ्या गणनांतून दिसले.